उदयनाचार्य आणि व्हिकारची मायनर

‘गाडी थरथरते’ एवढंच सांगून माणूस थांबला, तर त्याने अजून काहीच सांगितलेलं नसतं. कधी थरथरते? उभी असताना की चालताना? क्लच सोडता सोडता, की पूर्ण सोडल्यावर? ॲक्सिलरेटर दाबल्यावर, की पाय काढल्यावर? आणि जाणवतं कुठे, स्टीअरिंगला, गिअरच्या दांड्याला, की बसल्या जागी बुडाखाली? कॉव्हेंट्रीत गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी खात्यात माझी नोकरी झाली. तिथे तक्रारीचा कागद आला की आधी हे प्रश्न आणि मग पाना. आधी पान्याला हात घालणारा पोरगा आमच्याकडे फार टिकत नसे.

हे प्रश्न विचारायला मी इथे शिकलो, असं इथल्या लोकांना वाटतं. शिकलो वाईत. मुंज झाल्यावर आजोबांनी मला अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’ला जुंपलं. सतराव्या शतकातलं हे न्यायशास्त्राचं प्राथमिक पुस्तक. वाई प्राज्ञपाठशाळेचं गाव, त्यामुळे कोवळ्या पोराने असलं काही घोकण्यात कुणाला नवल वाटत नसे. ढोल्या गणपतीच्या घाटावर पोहायला जायचं तर आधी कारणाचं लक्षण म्हणून दाखवायचं, असा सौदा होता. कार्याच्या आधी जे नेमाने असतं आणि ज्याच्यावाचून अडतं, ते कारण. घडा होण्याआधी कुंभार असतो, चाक असतं, चाक फिरवायचा दांडा असतो. माती वाहून आणणारं गाढवही असतं. पण गाढव हे घड्याचं कारण नव्हे. माती डोक्यावरून आणली तरी घडा होतोच. शास्त्रात अशा बिनकामाच्या पूर्ववर्तीला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आम्ही मुलं नुसतं ‘गाढव’ म्हणायचो, आणि मला वाटतं अन्नंभट्टांनाही ते चाललं असतं.

तर आमच्या रस्त्यावर एक निवृत्त व्हिकार, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, राहतात, आणि त्यांच्याकडे १९६५ची मॉरिस मायनर आहे, राखी रंगाची. मायनर म्हटलं की इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे गावची नर्स, सुईण नाहीतर व्हिकार येतो, त्यामुळे ही जोडी पाहून कुणी हसत नाही. ऑक्टोबर १९४८मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली. आराखडा ॲलेक इसिगोनिसचा. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर ती त्याला अरुंद वाटली, म्हणून त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली आणि दोन अर्धे चार इंच दूर सरकवून पाहिले. बॉनेटच्या मध्यावर सपाट पट्टी दिसते ती त्या चार इंचांची. मालक लॉर्ड नफिल्ड यांना ध्यान मुळीच आवडलं नव्हतं. पण दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी तीच ठरली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने हिलाच ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून काढलं. तिची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्ड, जी उत्तरपाड्यात अँबॅसिडर होऊन २०१४पर्यंत निघत राहिली. म्हणजे व्हिकारांच्या गाडीशी माझं थोडं माहेरचं नातं लागतं.

व्हिकारांची तक्रार अशी. पहिल्या गिअरमध्ये गाडी निघताना थंडीत दात वाजावेत तशी थडथडायची. म्हणून वसंतात त्यांनी एका गराजमध्ये क्लच नवा घालून घेतला. थडथड तशीच राहिली आणि वर ताशी पंचेचाळीस मैलांना एक नवी थरथर सुरू झाली. ‘क्लच बदलला आणि त्यानंतर वाढलं,’ व्हिकार म्हणाले, ‘तेव्हा नवा क्लच खराब आहे.’

मी म्हणालो, ‘गाढव.’ मग अर्थातच ते कुंभाराचं गाढव होतं हे समजावून सांगावं लागलं.

निघतानाच्या थडथडीपासून सुरुवात केली. मायनरच्या क्लचला पेडलपासून आतपर्यंत तेलाचा दाब वगैरे काही नाही, नुसत्या सळया आणि दांडे. त्यातला एक आडवा दांडा एका अंगाने चासीला आणि दुसऱ्या अंगाने गिअरबॉक्सला टेकलेला असतो. चासी जागची हलत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेले, ते डुलतात. रबर सैल झालं की क्लच पकडायला लागताक्षणी इंजिन डुलतं, त्याबरोबर तो दांडा हलतो, आणि चालकाचा पाय जागच्या जागी असताना क्लच आपोआप थोडा सुटतो. सुटला की इंजिन परत जागेवर येतं, आलं की क्लच पुन्हा पकडतो. सेकंदाला कित्येकदा. नवी क्लच प्लेट घाला, नवी प्रेशर प्लेट घाला, हा झोका थांबत नाही. कारण तो क्लचमध्ये नाहीच. इंजिनातही नाही, रबरातही नाही. त्या तिघांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधात आहे. तंतूंपासून वस्त्र होतं खरं, पण तंतूंचा संयोग हे वेगळं कारण धरावं लागतं, असं नैयायिक का म्हणत होते ते मला वाईत घोकताना कळलं नव्हतं. बॉनेटखाली वाकून, व्हिकारांना हँडब्रेक लावून क्लच हळूहळू सोडायला सांगितला तेव्हा कळलं. इंजिन अंगात आल्यासारखं झुलत होतं.

तरी तेलाची शंका आधी फेडून घेतली. या ए-सिरीज इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. शाफ्टवर उलट्या आट्यांची एक चाकोरी कापलेली असते. शाफ्ट फिरत असताना ती तेल मागे आत ढकलते. म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत राखण, बंद झालं की रामभरोसे. जुन्या झिजलेल्या इंजिनात तिथून तेल क्लचच्या घरात येतं, आणि तेल लागलेली प्लेटही अशीच थडथडते. क्लचच्या घराच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन मुद्दाम सैल लोंबत ठेवलेली असते, गाडीच्या हादऱ्याने हलत राहून भोक बुजू देत नाही. त्या पिनेच्या टोकाला बोट लावलं. कोरडी. ओली असती तर अजून एक कोडं पडलं असतं, कारण मायनरच्या गिअरबॉक्सलाही इंजिनचंच तेल घालतात. वासावरून काही ठरत नाही. काळं असेल तर इंजिनचं, स्वच्छ असेल तर गिअरबॉक्सचं, एवढाच दिलासा.

सापडलं ते असं: एका माउंटिंगचं रबर लोखंडापासून सुटलेलं, आणि इंजिन मागेपुढे डुलू नये म्हणून जी दांडी असते तिच्या टोकाच्या रबरी बुशांचा चुरा. दोन्ही बदललं. थडथड गेली. व्हिकारांनी चर्चपर्यंत जाऊन परत येऊन ती गेल्याची खात्री करून घेतली आणि विचारलं, ‘मग पंचेचाळीसला काय होतंय?’

इथे उदयनाचार्यांकडे जावं लागतं. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत झालेला हा नैयायिक. त्याच्या ‘न्यायकुसुमांजली’त एक चर्चा आहे, जिला पुढे तृणारणिमणिन्याय असं नाव पडलं. अग्नी गवतापासून पेटतो, अरणी घासून पेटतो, आणि उन्हात धरलेल्या मण्यापासूनही पेटतो. मग गवत हे अग्नीचं कारण कसं म्हणायचं? गवत नसतानाही अग्नी होतोच की. मीमांसकांचं उत्तर असं, की तिन्हींत अग्नी पेटवणारी एकच शक्ती आहे. उदयनाचार्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, गवताचा अग्नी एका जातीचा, अरणीचा दुसऱ्या, मण्याचा तिसऱ्या. कार्य एकच वाटतं, पण तसं ते नाही. आजोबा यावर एवढंच म्हणायचे: ‘तुला आग सारखी दिसते कारण तू लांबून बघतोस.’

मला ही दर्शनांच्या इतिहासातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते, आणि पंडितांनी तिचा जरा जास्तच काथ्याकूट केला आहे. थरथर ही एक गोष्ट नाही. पंचेचाळीस मैलांना मायनरचं चाक सेकंदाला साधारण दहा-अकरा वेळा फिरतं. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ४.२२, तेव्हा प्रॉपशाफ्ट फिरते सेकंदाला पंचेचाळीस वेळांच्या आसपास. प्रॉपशाफ्टच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात आणि इंग्रज सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचं नाव देतात. शाफ्ट कोनात असली की त्याच्यापुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो. क्रॉसचं काही बिनसलं असेल तर ठेका दुप्पट, सेकंदाला नव्वद. चाकाची थरथर पायाला मोजता येईल अशी असते. शाफ्टची बुडाखाली भुणभुणते. क्रॉसची कानाने ऐकू येते. गवत, अरणी, मणी.

फॉस वेवर गेलो. रोमनांनी आखलेला हा रस्ता वॉरिकशरमधून सरळ जातो आणि रविवारी सकाळी तिथे बऱ्यापैकी सामसूम असते. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रॉपशाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे दोघांपैकी गुन्हेगार कोण ते तिथे कळणार नाही. म्हणून पंचेचाळीसलाच तिसरा टाकला: इंजिन ओरडायला लागलं, भुणभुण मात्र होती तशीच. मग न्यूट्रल करून इंजिन शांत होऊ दिलं. भुणभुण तशीच. इंजिन असलं काय, नसलं काय. क्लच धरला काय, सोडला काय. ज्याच्या असण्याने असते आणि नसण्याने जाते, ते कारण. इंजिन आणि क्लच दोघेही सुटले. स्टीअरिंग शांत, म्हणजे पुढची चाकं सुटली. ठेका चाकाच्या मानाने फार जलद, म्हणजे मागचीही सुटली. क्रॉस मी आधीच हाताने पिळून पाहिले होते, त्यांत खेळ नव्हता. उरली शाफ्ट.

आता क्लच बदलायचा तर प्रॉपशाफ्ट मागच्या फ्लँजवरून सोडावी लागते. चार बोल्ट. सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूने किंवा छिन्नीने खूण करायची असते, म्हणजे परत लावताना ती होती तशीच बसते. वर्षानुवर्षं त्या दोघींची एकमेकींशी तडजोड झालेली असते. खूण नव्हती. गाडी स्टँडवर घेतली, चार बोल्ट काढले, शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावली. भुणभुण तीन चतुर्थांश गेली. उरलेल्यासाठी शाफ्टवर दोन जुबिली क्लिप आवळल्या आणि त्यांची डोकी थोडी थोडी सरकवत गेलो. १९२१मध्ये केंटमधल्या गिलिंगहॅमच्या लमली रॉबिन्सन नावाच्या नौदलातल्या माणसाने होज पाइप आवळायला ही क्लिप शोधली. शाफ्टचा तोल साधायला तिचं डोकं वजन म्हणून वापरायचं हा मागाहूनचा घरगुती इलाज. एका जागी भुणभुण वाढते, एका जागी कमी होते, मध्ये कुठेतरी बसते.

म्हणजे गाढव अगदीच गाढव नव्हतं. क्लच निर्दोष होता. पण क्लच घालण्याचं काम त्या थरथरीचं कारण होतं. ‘त्यानंतर झालं’ म्हणणारा माणूस नेहमी चुकीचा नसतो, तो फक्त चुकीच्या वस्तूकडे बोट दाखवतो.

शाफ्ट बसवत असताना व्हिकार शेजारी चहाचा मग घेऊन उभे होते. ते म्हणाले, ‘म्हणजे शेवटी थरथरीमागेही एक कर्ता निघालाच. कुणीतरी बोल्ट उलटे लावले. पेलीला आनंद झाला असता.’ विल्यम पेली, कार्लाइलचा आर्चडीकन. १८०२च्या त्याच्या पुस्तकात माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला आहे. घड्याळ पाहिलं की घड्याळजी मानावा लागतो, तसा जग पाहिलं की जगाचा कर्ता. व्हिकारांना माहीत नव्हतं, की ज्या उदयनाचार्याच्या जोरावर मी त्यांची गाडी दुरुस्त केली त्याचं ते अख्खं पुस्तक ईश्वर सिद्ध करण्यासाठीच लिहिलेलं आहे, आणि त्याचा पहिला हेतू पेलीचाच आहे, आठेकशे वर्षं आधीचा: जग हे कार्य आहे, घड्यासारखं, म्हणून त्याला कुंभारासारखा कर्ता आहे.

माझी अडचण इथेच आहे, आणि ती उदयनाचार्यांनीच मला दिलेल्या हत्याराने निर्माण झाली आहे. बोल्ट उलटे लावणारा मला सापडला तो कसा? शाफ्ट फिरवून पाहिली, थरथर गेली म्हणून. न फिरवता मी नुसता सिद्धांत मांडला असता तर तपासणी खात्यात कुणी माझं ऐकून घेतलं नसतं. ईश्वराच्या बाबतीत हा बोल्ट कुठे आहे? तो नित्य, तो सर्वत्र. त्याला क्षणभर बाजूला काढून जग थांबतं का ते पाहता येत नाही. कारण काढून कार्य जातं का हे पाहणं म्हणजे व्यतिरेक, आणि इथे तो घेताच येत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने उदयनाच्या आधी तीनेकशे वर्षं हेच टोचून विचारलं होतं: चैत्राला शस्त्राने जखम झाली, औषधाने ती भरली, मग जवळच्या एखाद्या खांबाला जखम भरल्याचं श्रेय का देत नाही? खांबही तिथे होताच. इथे एडिंबरोत डेव्हिड ह्यूमने दुसऱ्या बाजूने घेरलं. त्याचे धर्मावरचे संवाद तो गेल्यावर, १७७९मध्ये छापले गेले. घरावरून गवंडी ओळखतो कारण शेकडो घरं बांधली जाताना पाहिली आहेत. जगं किती पाहिली? मला थरथरीच्या जाती कळतात कारण हजारो गिअरबॉक्स हाताखालून गेले. गवताचा अग्नी अरणीच्या अग्नीहून वेगळा, हे म्हणायला दोन्ही अग्नी शेजारी ठेवावे लागतात. जग एकच आहे. लांबून बघण्यावाचून गत्यंतर नाही.

व्हिकार धर्मशास्त्र शिकलेला माणूस, एवढ्याने हलणारे नव्हेत. ते म्हणाले, ‘मग ईश्वराशिवाय जग चालतं, हेही तुला काढून पाहता येणार नाही.’ हे बरोबर आहे. मी मान्य केलं. नास्तिकाच्या हातातही तो बोल्ट नाही. आणि व्हिकार पुढे म्हणाले की त्यांची श्रद्धा घड्याळावर कधी टेकलेलीच नव्हती. बर्मिंगहॅमचे कार्डिनल न्यूमन, ज्यांना २०१९मध्ये संतपद मिळालं, ते १८७०मधल्या एका पत्रात म्हणतात की रचना दिसते म्हणून मी ईश्वर मानतो असं नाही, ईश्वर मानतो म्हणून मला रचना दिसते. मी म्हणालो, आधी क्लच खराब ठरवायचा आणि मग सगळीकडे तेल दिसायचं, असं आमच्या खात्यात चाललं नसतं.

पण हे बोलून झाल्यावर मला उदयनाचार्यांचाच आरंभ आठवला, आणि तो माझ्या बाजूने नाही. ते म्हणतात, ईश्वराला या ना त्या नावाने सगळेच भजतात, त्यात संशय घेण्यासारखं काय आहे. तरी ही न्यायचर्चा करायची, कारण श्रवणानंतरचं मनन म्हणून ती स्वतःच एक उपासना आहे. पुस्तकाचं नावच ओंजळभर फुलं. म्हणजे हा निदानाचा कागद नव्हेच. आजोबा रोज पंचायतन पूजा उरकूनच शिकवायला बसायचे, आणि जगन्नाथाची आख्यायिका रंगवून सांगायचे: उदयनाचार्य पुरीला दर्शनाला गेले तर दार बंद. तेव्हा त्यांनी देवाला सुनावलं, ऐश्वर्याने माजून आज माझा अनादर करतोस, पण बौद्ध चालून आले की तुझं असणं माझ्यावर अवलंबून आहे. आजोबांना हे फार आवडायचं. मला अजून ठरवता येत नाही, की हे भक्ताचं बोलणं आहे की वकिलाचं. उपासना म्हणून कुणी अनुमान मांडत असेल तर मी चपला काढून ऐकीन. पण तेच अनुमान ‘सिद्ध झालं’ असा शिक्का मारून माझ्यापुढे आलं, तर मी व्यतिरेक मागणार. दोन्ही एकाच ग्रंथात, एकाच माणसाने केलेलं आहे, ही उदयनाचार्यांची गंमत आहे, आणि थोडी लबाडीही.

हे सगळं व्हिकारांना इंग्रजीत सांगताना माझी दमछाक झाली. त्यांनी चहाचा मग खाली ठेवला आणि म्हणाले, ‘तू इंजिन काढून पाहिलंस, क्लच काढून पाहिलास, शाफ्ट फिरवून पाहिलीस. रस्ता काढून कधी पाहिलास का?’

मी म्हणालो, ‘रस्त्याचं अनुमान करावं लागत नाही. तो दिसतो.’

‘चाळीस वर्षं मी पुलपिटवरून हेच सांगत आलो,’ व्हिकार म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

याचं उत्तर मला रात्री सुचलं, आणि ते अजून त्यांना द्यायचं आहे. रस्ता काढता येत नाही, पण बदलता येतो. खडबडीत डांबरावरची गुणगुण गाडीची समजू नये म्हणूनच तर आम्ही गल्लीत न तपासता फॉस वेवर गेलो होतो.